चष्म्याच्या डबीतला बल्ब

मी भित्रा माणूस आहे. घरात सगळ्यांना हे ठाऊक आहे, पेणच्या आमच्या आळीतही बऱ्याच जणांना. झोपण्याआधी गॅसचा खटका दोनदा बघणारा, एसटी सुटायच्या अर्धा तास आधी स्टँडवर जाऊन बसणारा. अशा माणसाच्या गाडीत लाल दिवा लागावा, याहून मोठी थट्टा नाही.

गाडी पंधरा वर्षांची. गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता वडखळच्या वळणावर, वेगाच्या काट्याखाली तो दिवा पहिल्यांदा लागला. लाल वर्तुळ आणि मध्ये उद्गारचिन्ह. तीस वर्षं मी शाळेत मराठी शिकवलं, उद्गारचिन्ह जपून वापरा म्हणून मुलांच्या मागे लागलो. ते एक चिन्ह बघताच मी वेग कमी केला. हँडब्रेक वर असला तरी हाच दिवा लागतो, म्हणून तो दाबून पाहिला, तर खालीच होता. वळण संपलं आणि दिवा विझला. पुढच्या वळणाला परत लागला.

"अहो, विझतोय ना मधूनमधून? मग झालं," शेजारी बसलेली बायको म्हणाली.

पेणमधला आमचा मेकॅनिक माझा जुना विद्यार्थी. व्याकरणात कच्चा, पण बॉनेट उघडलं की माझ्यापेक्षा कितीतरी शहाणा. त्याने पाहिलं तर बाटलीतलं ब्रेक ऑइल कमी होतं. ते भरलं आणि दिवा गेला. दहा दिवसांनी आला. मग त्याने पुढचे ब्रेकपॅड बदलले. पॅड झिजले की ऑइल खाली उतरतं, हेही समजावलं. दिवा गेला आणि तीन आठवड्यांनी पुन्हा आला.

"सर, कुठून तरी ऑइल जातंय," तो म्हणाला. "दोन दिवस गाडी ठेवा. चारी चाकं खोलून बघतो."

ठेवायला हवी होती. पण चाकं खोलल्यावर काय निघेल, याचीच मला धास्ती. त्याऐवजी मी घरीच शोध लावायला बसलो. रोज संध्याकाळी चारी चाकांखाली जुनी वर्तमानपत्रं पसरायची आणि सकाळी गुडघे टेकून डाग बघायचे. चार दिवस पाहिलं. कागद कोरडे ठाक. बायको चहाचा कप घेऊन दारात उभी राहायची आणि विचारायची, "काय हो, आज काय बातमी?"

गळत नाही आणि तरी दिवा लागतो, म्हणजे दिवाच खोटं बोलतोय, असं मी ठरवून टाकलं. गाडी चालवताना माझं लक्ष रस्त्याकडे कमी आणि त्या दिव्याकडे जास्त असायचं. शेवटी मी मेकॅनिकला म्हणालो, "तो दिवा तेवढा काढून टाक."

त्याने हात पुसले. "सर, हे बरोबर नाय."

"मी सांगतोय ना."

वर्गातला तो आवाज माझ्या घशात अजून शिल्लक होता, आणि त्याला तो ऐकायची सवय होती. त्याने मीटर उघडला, मागून बल्ब फिरवून काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. शेंगदाण्यापेक्षाही लहान. "टाकू नका सर. आणि दर आठ दिवसांनी बाटलीतलं ऑइल बघा. नक्की बघा." मी बल्ब चष्म्याच्या डबीत टाकला. घरी कुणाला काही बोललो नाही.

पहिला आठवडा फार सुखाचा गेला. वडखळची वळणं मी शीळ घालत काढली. रविवारी बॉनेट उघडलं. ऑइल बोटभर खाली होतं. गाडी उतारावर उभी आहे म्हणून तसं दिसतंय, असं मी मनाशी म्हटलं. अंगण सपाट आहे, हे मला माहीत होतं. पुढच्या रविवारी बॉनेटच्या खटक्यापर्यंत हात नेला आणि परत आलो. दिसलं असतं तर काहीतरी करावं लागलं असतं.

"बघा, गेला ना तुमचा दिवा? उगाच जीव खात होतात," बायको म्हणाली. मी मान डोलावली.

माझी मुलगी रोह्याला एका कंपनीच्या लॅबमध्ये आहे. रोज कंपनीच्या बसने जाते. थंडीतल्या एका सकाळी ती घाईघाईने आतून आली. गाडीची किल्ली तिच्या हातातच होती.

"बाबा, बस बंद पडलीय. आज गाडी नेते. ठीक आहे ना गाडी?"

दोन वाक्यं बोलायची होती. दिव्याचा बल्ब मी काढलाय. गाडी नेऊ नकोस. मी म्हणालो, "हमरस्त्यानेच जा, खांब गावावरून."

"लांब पडतं ते. नागोठण्याहून खिंडीतून जाते."

"सावकाश जा."

"होय हो," ती हसून म्हणाली. आळीच्या कोपऱ्यावर तिने ब्रेक दाबला तेव्हा मागचे लाल दिवे लागले. ते दोन्ही चालू होते.

मी ओटीवर बसलो. फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. गाडी चालवताना फोन उचलायचा नाही, हे तिला मीच शिकवलेलं. आणि नेमक्या वळणावर फोन वाजला, तिने मान खाली घातली तर? मग मी नुसता हिशेब करत राहिलो. आता वडखळ. आता नागोठणे. आता खिंडीचा चढ. चढाला भीती नाही, ब्रेक लागतो तो उताराला. बायकोने पोहे आणून ठेवले, ते गार झाले. आता लिहायलाच बसलोय तर खरं सांगतो. मुलीच्या जिवाची भीती होतीच, पण तिच्या खालोखाल दुसरी भीती होती, की आता हे सगळ्यांना सांगावं लागणार. काही क्षण तर ही दुसरीच वर यायची, आणि तेव्हा मला माझी किळस यायची.

फोन वाजला तो मी पहिल्याच रिंगला उचलला.

"बाबा, घाबरू नका हां. मी ठीक आहे. उतारावर ब्रेक दाबला तर पार तळाला गेला, लागलाच नाही. मग तुम्ही शिकवलंत तसं केलं. गिअर उतरवले, हँडब्रेक थोडा थोडा ओढला आणि गाडी डोंगराच्या बाजूला घासवली. मागून टेम्पोवाले काका आले. त्यांनी दोरी लावून रोह्याच्या अलीकडे, अष्टमी गावात गॅरेजात आणून दिलीय."

तिचा आवाज नेहमीसारखा होता. फक्त ती फार भराभर बोलत होती.

मी मिळेल त्या गाडीने नागोठण्याला गेलो आणि तिथून रोह्याची एसटी पकडली. खिंडीत खिडकीला नाक लावून बसलो. एका जागी डोंगराकडेच्या खडीत चाकांचे लांब चरे उठलेले दिसले. मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून पाहिलं. तिकडे नुसती झाडांची टोकं दिसत होती. पुढे खिंड उतरून निडी गाव येईपर्यंत मी डोळे मिटून होतो.

अष्टमीला उतरून गॅरेजात पोचलो तेव्हा गाडीचं मागचं डावं चाक निघालेलं होतं आणि मुलगी स्टुलावर बसली होती. तिच्या कोपराला खरचटलं होतं. म्हातारा मिस्त्री चाकाच्या आतलं लोखंडी भांडं, ज्याला ड्रम म्हणतात, ते हातात धरून होता.

"हे बघा. आतला सिलिंडर गळतोय. रबर गेलंय त्याचं." त्याने ड्रममध्ये बोट फिरवलं. काळा, तेलकट चिखल निघाला.

"पण खाली डाग पडत नव्हता," मी म्हणालो. "मी कागद घालून पाहिलं होतं."

"पडणार कसा? ऑइल आतच राहतं, धुळीत मुरतं. बाहेर थेंब येत नाय. तेवढ्यासाठीच तर दिवा दिलाय." मग त्याने मुलीकडे पाहिलं. "दिवा किती दिवसांपासून लागत व्हता?"

"दिवा लागलाच नाही, काका," ती ठामपणे म्हणाली. "तुम्ही माझ्या बाबांना ओळखत नाही. दिवा लागला असता तर त्यांनी गाडी अंगणातून हलवू दिली नसती."

मिस्त्री बुचकळ्यात पडला. बाटलीत ऑइलचा टिपूस नाही आणि दिवा लागला नाही, हे त्याला पटेना. तो वायर तपासायला उठला. त्याला तपासू दिलं असतं तर जुनी गाडी, बल्ब गेला असेल, कुठे पडला असेल, अशावर ते निभावलंही असतं. मी खिशातून चष्म्याची डबी काढली. बल्ब काढून मी मिस्त्रीच्या हातावर ठेवला.

"मी काढायला लावला होता," मी मुलीला म्हणालो. "मला तो बघवत नव्हता."

ती बल्बाकडे बघत राहिली, मग उठून नळावर गेली आणि कोपर धूत बसली. फार वेळ धुतलं तिने.

या गोष्टीला आता सहा महिने होऊन गेले. सिलिंडर नवा आहे आणि बल्ब आपल्या जागी आहे. मुलगी माझ्याशी नीट बोलते, माझ्या भित्रेपणाची थट्टाही करते. त्या दिवसाचा विषय मात्र काढत नाही.

अधूनमधून ती गाडी नेते, तेव्हा मी फाटकापाशी उभा असतो. ती आत बसते, किल्ली अर्धी फिरवते आणि हँडब्रेक वर ओढते. लाल दिवा लागलेला बघते. हँडब्रेक खाली करते, दिवा विझलेला बघते. मग बॉनेट उघडून बाटलीत डोकावते. पूर्वी ती मला विचारायची, बाबा, गाडी ठीक आहे ना. आता विचारत नाही.