मंडळाचं मशीन आणि माझं कुलूप

चहा घ्या, पण हसायची घाई करू नका. किस्सा हसण्यासारखा आहे, मीही अर्धा हसतच सांगतो. उरलेल्या अर्ध्याचं काय करायचं, ते मला अजून कळलेलं नाही.

मी नोकरीभर जबलपूरच्या एका सरकारी कारखान्यात स्टोअरकीपर होतो. वस्तू सांभाळायची म्हणजे कुलपात ठेवायची, हे अंगात मुरलेलं. रिटायर झालो आणि विजय नगरातल्या आमच्या मराठी मंडळाने हॉलची सगळी व्यवस्था माझ्याकडे दिली. थोडी चूक मंडळाचीही आहे, अशी मी मनाची समजूत घालतो.

मागच्या वर्षी एका सभासदाच्या मुलाने वडिलांच्या आठवणीसाठी मंडळाला डिफिब्रिलेटर दिला. हृदय अचानक थांबलं तर छातीवर विजेचा झटका देऊन ते ताळ्यावर आणायचं यंत्र. नाव कुणाला नीट घेता येईना, म्हणून आम्ही त्याला नुसतं ‘मशीन’ म्हणायचो. ते शिकवायला एक डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी रबरी पुतळ्यावर सगळं करून दाखवलं.

“माणूस पडला, हाकेला ओ देत नाही, श्वास नीट नाही, तर वाट पाहू नका. अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा, छातीच्या मधोमध जोरजोरात, भराभर दाबत राहा आणि कुणाला तरी मशीन आणायला पळवा. झाकण उघडलं की पुढचं मशीनच सांगतं.”

सगळ्यांनी पुतळा दाबून पाहिला. मी फक्त विचारलं, “मॅडम, याची वॉरंटी किती?”

मशीन दाराजवळ भिंतीवर लागलं. मग आलं हळदीकुंकू. बायकांनी हॉल भरलेला, अत्तर लावणं चाललेलं, आणि पोरांनी जाऊन झाकण उघडलं. मशीन खणखणीत हिंदीत बोललं, “मरीज के सीने से कपड़े हटाइए.”

बायकांनी पदर सावरले. मशीनने पुन्हा तेच सांगितलं. ते गप्प कसं करायचं, हे कुणालाच आठवेना.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षीणबाईंनी मला बोलावलं. “देशकरभाऊ, हे काय लावून ठेवलं जी? बायका पुढच्या वर्षी यायच्या नाहीत.”

मी मशीन उचललं आणि आतल्या खोलीतल्या लोखंडी कपाटात कुलपात ठेवलं. कारखान्यात भट्टीवर काम केलेला माझा जुना दोस्त दिगंबर तिथेच होता. तो म्हणाला, “कुलूप काहून लावून राहिला बे? कुणी पडलं तर?”

“किल्ली माझ्याजवळ आहे ना,” मी म्हणालो.

इथवरही ठीक होतं. पण कपाट उघडलं की मशीनचा हिरवा दिवा लुकलुकताना दिसायचा. मला वाटलं, बॅटरी फुकट जळून राहिली. घरी ट्रान्झिस्टर वापरात नसला की मी सेल काढून ठेवतो. तशीच याची बॅटरी काढली, कागदात गुंडाळली आणि घरी टेबलाच्या खणात ठेवली. किती समाधान वाटलं म्हणून सांगू.

पुढे एका रविवारी सकाळी मंडळात कॅरमचे सामने होते. दिगंबर माझ्यासमोर खेळत होता. राणीवर नेम धरला आणि तसाच खुर्चीवरून खाली गेला. मला वाटलं, नाटक करून राहिला. मी म्हणालोसुद्धा, “ऊठ, हरायला आला की असंच करतो तू.”

त्याची सून अनघा सरबत वाटत होती. तिने ट्रे टाकला आणि धावत आली. “बाबा, बाबा!” त्याचा श्वास मध्येच एखादा, घशात अडकल्यासारखा. ती गुडघ्यावर बसली, दोन्ही हात त्याच्या छातीवर ठेवले आणि दाबायला लागली. तिने पुतळ्यावर शिकलं होतं. मीही तिथेच होतो, वॉरंटी विचारत.

“कोई एम्बुलेंस बुलाओ. काका, मशीन कहाँ है?” घाईत अनघा हिंदीतच ओरडली.

मी पळालो. जुडग्यात किल्ल्या ढीगभर. चुकीच्या किल्ल्या लावत लावत शेवटी कपाट उघडलं, मशीन छातीशी धरून आणलं आणि झाकण उघडलं.

मशीन बोललं नाही.

“बोल ना रे,” मी म्हणालो. खरंच म्हणालो. त्याला हलवलं, थोपटलं. मग आठवलं.

“काका, काय झालं?” अनघा दाबता दाबता विचारत होती. तिच्या कपाळावरून घाम गळत होता.

“बॅटरी घरी आहे,” मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिलं. आणि दाबत राहिली. ती थकली की कॅरमवाल्यांपैकी एकजण बसायचा, मग पुन्हा ती. मी ते मुकं मशीन मांडीवर घेऊन जमिनीवर बसलो होतो. अ‍ॅम्ब्युलन्स आली, त्यांच्याकडे त्यांचं मशीन होतं. पहिल्या झटक्याने काही झालं नाही. दुसऱ्याने नाडी लागली.

दवाखान्यात मी डॉक्टरांना विचारलं, “झटका आधी मिळाला असता तर?”

“जितक्या लवकर, तितकं बरं,” ते म्हणाले. “सूनबाई दाबत राहिल्या म्हणून ते आज आहेत.” पहिल्या वाक्याने मला अजून झोप लागत नाही.

दिगंबर घरी आला. हिंडतो, जेवतो. पण मेंदूला तेवढा वेळ रक्त कमी पडलं, म्हणून शब्द शोधत बोलतो, नातवंडांची नावं चुकतो, आणि कॅरमची राणी समोर असूनही त्याला सापडत नाही. मशीन आता पुन्हा दाराजवळ आहे, बॅटरीसकट. त्याचा दिवा रोज सकाळी अनघा पाहून जाते. मंडळाने मला त्याला हात लावायची मनाई केली आहे.

परवा हिंमत करून दिगंबरच्या घरी गेलो आणि कुलूप, बॅटरी, सगळं त्याला सांगितलं. म्हणालो, “दिगंबर, माझ्यामुळे झालं रे हे.”

तो माझ्या तोंडाकडे पाहत बसला. मला वाटलं, आता माझंही नाव विसरला. मग हळूहळू, एकेक शब्द जुळवत म्हणाला,

“देशकर, भट्टीवर होतो तेव्हा तुझ्याकडे हातमोजे मागितले होते. ते मिळतील का बे आता?”