दुसरं वल्हं

ऑफिसात तिला सगळे आक्का म्हणत. ऑफिस म्हणजे सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या, आणि गेम बनवणारी कंपनी दोघा भावंडांची. दादा नवनवे गेम काढायचा. आक्का एकाच जुन्या गेमला चिकटून होती. गेम अगदी साधा. नदी, होडी, दोन वल्ही. एक वल्हं एकाच्या हातात, दुसरं दुसऱ्याच्या, मग तो शेजारी बसलेला असो की परगावी. उतारूंना पलीकडे सोडायचं, बस्स.

दादाचे गेम वाजतगाजत यायचे आणि चार महिन्यांत कुणाला आठवायचेही नाहीत. होडी मात्र वर्षानुवर्षं खपत होती. "नशीब तुझं," दादा म्हणायचा. आक्काचं डोकंच फिरायचं. नशीब कसलं डोंबलाचं! एकाने होडी घेतली की दुसरं वल्हं धरायला तो कुणालातरी ओढून आणणारच. आणि एकदा घेतलेली होडी बुडू द्यायची नाही, हा तिचा हट्ट. त्यासाठी तिने टेबलाखाली एक जुनाट, घरघरणारा कॉम्प्युटर पाळला होता. त्याचं नाव आजोबा. आजोबांवर चालल्याशिवाय कुठलीही सुधारणा बाहेर जायची नाही.

एके दिवशी दादाने जाहीर केलं, "महिनाअखेर होडी बंद. सगळे हात नव्या गेमला लागतील." आक्का खूप भांडली, पण दादा ढिम्म. त्याच आठवड्यात ती तापाने घरी पडली. दादाने आवराआवर काढली, आजोबांना भंगारात दिलं, आणि आक्काची अर्धवट तपासलेली सुधारणा "शेवटची एकदा" म्हणून पाठवून दिली.

दुसऱ्या दिवसापासून तक्रारींचा पाऊस. जुन्या कॉम्प्युटरांवर होडी उघडतच नव्हती.

"बुडालीच आहे, तर आता बुडू दे," दादा म्हणाला.

"बुडाली नाही, तू बुडवलीस," आक्का म्हणाली आणि अंगात कणकण असतानाच तडक भंगारवाल्याकडे गेली. आजोबा एका वॉशिंग मशीनखाली दबले होते.

"ताई, याचं आता काय करणार?"

"नाडी बघणार."

आजोबांना टेबलावर चढवून ती कामाला लागली. दुपारपर्यंत चूक सापडली. पाण्यावर तिनेच हौसेने घातलेल्या नव्या लाटा जुन्या यंत्रांना झेपत नव्हत्या. स्वतःला दोन शिव्या घालून तिने त्या काढायला घेतल्या. तेवढ्यात दादाचा फोन वाजला. आई होती. दादाने फोन स्पीकरवर टाकला.

"अरे, माझी होडी उघडत नाही."

"तू होडी खेळतेस?"

"रोज संध्याकाळी. मावशीबरोबर."

दादा गडबडला. लग्नातल्या कुठल्याशा मानपानावरून दोघी बहिणींनी कधीचा अबोला धरला होता. "पण तुमचं तर बोलणं बंद आहे ना?"

"बोलणं बंद आहे. वल्हवणं कुठे बंद आहे?" आई चिडून म्हणाली. "दोन दिवस मी आले नाही. तिला वाटेल, मी हेही सोडलं. आणि मी आधी फोन करायची नाही, सांगून ठेवते!"

दादा खुर्ची ओढून आक्काच्या शेजारी बसला. "काय करू, सांग."

"आजोबांना हलवू नकोस, एवढंच कर."

संध्याकाळच्या आत होडी आजोबांवर चालली आणि सुधारणा सगळीकडे गेली. दादाने स्वतः आईला फोन लावला. "आता उघडून बघ."

बराच वेळ नुसती खुडबुड. मग आईचा आवाज एकदम उजळला. "अगंबाई, ही तर बसूनच आहे होडीत!"

फोन ठेवायचं तिच्या ध्यानातच राहिलं नाही. दोन वल्ह्यांचं चुबुकचुबुक ऐकू येत होतं. मध्येच आई हलकेच म्हणाली, "हळू गं, उतारू आहेत." पलीकडे मावशीला ते ऐकू जाण्याची सोयच नव्हती.

आक्काचे डोळे भरून आले. तरी तिने ठणकावून विचारलं, "महिनाअखेरीचं काय?"

"कसली महिनाअखेर?" दादा म्हणाला आणि आजोबांना उचलून जपून टेबलाखाली ठेवू लागला. ठेवता ठेवता म्हणाला, "यात एकमेकांशी बोलायची सोय घालता येईल का गं?"

"खबरदार," आक्का म्हणाली. "पुन्हा भांडतील."