बॉनेटवरचा नारळ

माझ्या मोठ्या भावाला गाडीतलं काय कळतं असं कुणी विचारलं, तर हार कुठे बांधायचा ते कळतं, एवढंच मी सांगेन. तो मुलुंडला टॉवरमध्ये राहतो आणि मी भांडुपला बाबांबरोबर, आम्ही दोघं जिथे वाढलो त्याच घरात. गाडी बाबांच्या नावावर आहे, चालवते मी. हवा, ऑइल, पीयूसी, इन्शुरन्स, सगळं मी बघते. पण दसऱ्याला तिच्यापुढे नारळ फोडायचा असतो, आणि आमच्याकडे बाईने नारळ फोडायचा नसतो. म्हणून वर्षातून एकदा, कडक इस्त्रीचा झब्बा घालून, थोरले चिरंजीव येतात.

त्याची पूजा साधी नसते. नुसतं हळदकुंकू लावून भागत नाही. काचेवर मूठमूठ अक्षता उधळायच्या, झेंडू कुस्करून पाकळ्या टाकायच्या, बॉनेटवर विड्याचं पान आणि सुपारी मांडायची. नारळ फोडला की दोन्ही भकलांतलं पाणी बॉनेटवर ओतायचं, तेही पार वायपरखालच्या जाळीपर्यंत, कारण खालच्या मजल्यावरचे लोक खिडकीतून बघत असतात. मग फोटो, मग श्रीखंड-पुरी, आणि मग पुढच्या दसऱ्यापर्यंत साहेबांचं दर्शन नाही.

गाडी जुनी आहे, छोटी आणि उंच. ती उंची आमच्या कामाची आहे. बाबांच्या खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना रिक्षात चढता येत नाही, आणि भांडुपच्या रस्त्यांवरचे धक्के तर मलाही सोसत नाहीत. ॲपवरून बोलावलेल्या गाडीत बाबा एकदा बसले, तर सीट इतकी खाली की उतरताना अडकून पडले, आणि ड्रायव्हर मागे वळून न बघता हॉर्न वाजवत बसला. आमच्या गाडीची सीट मात्र बरोबर त्यांच्या कमरेला लागते. पाठ करून टेकायचं, मग एकेक पाय आत घ्यायचा. कुणाचा हात लागत नाही. दर गुरुवारी मी त्यांना कांजूरमार्गला सोडते. गिरणीच्या काळातले त्यांचे गाववाले तिथे एकाच्या घरी भजनाला जमतात आणि बाबा पखवाज वाजवतात. बाकीचा आठवडा ते त्या गुरुवारची वाट बघतात, हे ते कबूल करणार नाहीत, पण बुधवारपासून पखवाजाच्या वाद्या ताणत बसलेले असतात.

यंदा पावसाळ्यात गाडी सिग्नलला बंद पडायला लागली. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागायचा, विझायचा, पुन्हा लागायचा. एकदा तर बाबा शेजारी बसलेले असताना फ्लायओव्हरच्या चढावर बंद पडली. मागच्यांनी जे हॉर्न वाजवले ते बाबांनी मान खाली घालून ऐकले, जणू गाडी नाही, तेच रस्त्यात आडवे आले होते.

आमचा गॅरेजवाला हा आत्मविश्वासाचा डोंगर आहे. त्याने आधी बॅटरी बदलली, मग प्लग, मग कॉइल, मग पेट्रोलचा पंप, आणि दर वेळी म्हणाला, "अब देखो ताई, मक्खन चलेगी." मक्खन दोन-चार दिवस चालायचं. सोसायटीतल्या पुरुषांचं तर विचारूच नका. बाईने बॉनेट उघडलं की ते कुठून कुठून येतात, कमरेवर हात ठेवून आत वाकतात आणि आजाऱ्याला बघायला आल्यासारखे चेहरे करतात. एकाने पेट्रोलमध्ये भेसळ असल्याचं सांगितलं, एकाने मी क्लच नीट सोडत नसल्याचं. इंजिनातल्या एकाही वस्तूकडे बोट दाखवून कुणी तिचं नाव सांगितलं नाही.

शेवटी गॅरेजवाल्याने जाहीर केलं की गाडीचा कॉम्प्युटर गेला. इंजिनाला पेट्रोल किती, ठिणगी कधी, हे सगळं एक बंद डबा ठरवतो, तो डबा. त्याने कुर्ल्याच्या भंगारातून तसाच दुसरा आणून लावला. इंजिन नुसतं खोकत राहिलं, सुरू होईना. गाडीची किल्ली आणि डबा एकमेकांना ओळखावे लागतात आणि हा परका डबा आमची किल्ली ओळखत नव्हता, हे मला पुढे मरोळला कळलं. गॅरेजवाल्याला ते ठाऊकच नव्हतं. त्याने मलाच विचारलं, चाबी कुठे पाडलीबिडली नाही ना.

मी दादाला फोन केला. मदत मागायला नव्हे, गाडी बंद आहे हे निदान कळावं म्हणून. तो म्हणाला, "अगं, भंगारात दे ना. बाबांनी बसावं आता घरात. भजन काय, यूट्यूबवर लावून दे."

हे तो मीटिंगला जाता जाता म्हणाला. माझी तळपायाची आग मस्तकात गेली, पण त्याहून जास्त मी घाबरले, कारण बाबाही तेच करायला लागले होते. पहिल्या गुरुवारी त्यांनी विचारलं गाडी झाली का. दुसऱ्या गुरुवारी विचारलं नाही. तिसऱ्या गुरुवारी पखवाजाला गवसणी घालून मला म्हणाले की कपाटावर ठेव, पायात येतो. माणूस घरात बसतो तो असा, कुणी सांगून नाही. मी पखवाज कपाटावर ठेवला आणि त्याच दिवशी गाडी टो करून मरोळला नेली.

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एका गाळ्यात असे डबे दुरुस्त करणारा एक इसम बसतो. कानात कायम इअरफोन, आणि समोरच्या गिऱ्हाइकापेक्षा फोनवरच्या गिऱ्हाइकावर जास्त प्रेम. आपल्यासारखा अख्ख्या मुंबईत दुसरा नाही, हे त्याने मला चहा येईपर्यंत ऐकवलं आणि चहा आल्यावर पुन्हा ऐकवलं. पण ग्लव्ह बॉक्सच्या मागचा परका डबा काढून ठेवून, मी सोबत आणलेला आमचा जुना डबा त्याने उघडला, आणि पहिल्यांदा कानातला इअरफोन काढला. आत मुंग्या होत्या. पिनांवर हिरवट बुरशीसारखं चढलं होतं आणि सगळ्यावर चिकट थर. "मॅडम, इसमें शरबत किसने डाला?" असं म्हणून तो हसला. जुन्या डब्यातली माहिती त्याने त्या परक्या डब्यात उतरवली, आणि आमच्या किल्लीने गाडी एका फटक्यात सुरू झाली. पाणी कुठून येतं ते शोधा, नाहीतर हाही जाईल, एवढं सांगून तो पुन्हा फोनकडे वळला. ते शोधायला तो स्वतः उठणार नव्हता हे उघड होतं.

मग रविवारी मी शोधलं. पार्किंगमध्ये वायपरखालची प्लास्टिकची जाळी उचकटली आणि घरातला जुना चमचा घेऊन बसले. काचेवरचं पाणी त्या जाळीतून एका पन्हळीत पडतं आणि कोपऱ्यातल्या भोकातून खाली वाहून जातं. वाहून जायला हवं. भोकात सुपारी बसली होती, बूच मारावं इतकी फिट्ट. तिच्यावर लाल गाळ, कुजलेल्या झेंडूच्या पाकळ्या, नारळाच्या शेंड्या आणि काळ्या पडलेल्या अक्षतांचा लगदा. सगळं पाणी तुंबून आत, थेट डब्यावर ठिबकत होतं. पावसाचं तर होतंच. पण मुंग्या काही पावसाच्या पाण्याला लागत नाहीत.

मी तिथेच फतकल मारून हसले. वर्षातून एकदा येऊन बापाची सेवा करणाऱ्या मुलाने एवढी सेवा केली होती की बापाची गाडीच बसवली होती.

तो सगळा ऐवज मी पेपरवर घेतला आणि वर नेऊन बाबांपुढे ठेवला. कुठे, कसं, सगळं सांगितलं, कुणामुळे तेही. त्यांनी सुपारी उचलली, उलटीसुलटी करून बघितली आणि बाजूला ठेवली. मग विचारलं, "आता चलतली मा?"

चालेल, मी म्हटलं. तर म्हणाले पखवाज खाली काढ. भावाबद्दल एक अक्षर नाही. त्यांनी मोठ्या मुलाला आयुष्यात कशालाच नाही म्हटलेलं नाही, आणि मी ते बघतच मोठी झाले.

दादाला मी सुपारीचा आणि मुंग्यांचा फोटो पाठवला. आधी हात जोडलेलं चित्र आलं. मग मेसेज आला की मेकॅनिकने तुला येडं बनवलंय, देवाच्या पाण्याने कधी काही होत नाही. दसऱ्याला तो नेहमीसारखा येणारच होता. मी जाळीवर टेप मारू शकले असते, त्याच्याशी भांडू शकले असते. पण गाडी बाबांची, पूजा बाबांच्या गाडीची, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत त्याने पुन्हा पाणी ओतलं आणि ते गप्प बसले, तर पुढच्या खेपेला मरोळपर्यंत जायचं बळ माझ्यात राहिलं नसतं. मला गाडीपेक्षा त्यांच्या त्या गप्प बसण्याची धास्ती होती.

यंदा दसरा गुरुवारी आला. संध्याकाळी भजन. खाली उतरताना बाबांनी स्टीलचा ग्लास मागितला. गोळी घ्यायची असेल म्हणून मी दिला. पूजेच्या वेळी ते दर वर्षी काठी टेकून बाजूला उभे राहतात, पण या वेळी आधीच जाऊन गाडीत बसले. पाठ टेकली, एकेक पाय आत घेतला, मांडीवर पखवाज, काच खाली. मीही शेजारी स्टिअरिंगवर जाऊन बसले.

दादाने सगळं यथासांग केलं. अक्षता, पाकळ्या, विडा, वर सुपारी. खिडक्यांत माणसं होतीच. दगडावर नारळ आपटून त्याने दोन्ही भकलं वर उचलली आणि बॉनेटकडे वळला. तेवढ्यात खिडकीतून बाबांचा हात बाहेर आला. हातात ग्लास.

"हय ओत," ते म्हणाले. "गाडयेन खूप पियाला."

दादा हसला. त्याला विनोद वाटला. हात आत गेला नाही. बाबा, पूजा चाललीये, तो हळूच म्हणाला, खिडक्यांकडे बघत.

"पूजा झाली. ओत."

त्याने ओतलं. थोडं ग्लासात, थोडं त्याच्या झब्ब्याच्या बाहीवर. बाबांनी सगळं पाणी सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलं, मिशी पुसली आणि रिकामा ग्लास माझ्याकडे न देता त्याच्या हातात दिला. म्हणाले, वर नेऊन ठेव, आमका भजनाक जावचा आसा.

मी खाली उतरले, बॉनेटवरची सुपारी उचलून पर्समध्ये टाकली आणि पुन्हा येऊन बसले. किल्ली फिरवली. दादा अजून गाडीसमोरच उभा होता, एका हातात भकलं, एका हातात ग्लास. तो बाजूला होईपर्यंत मी हॉर्न दिला.