तिच्यासाठी सोडलेली डावी बाजू

चित्रं काढायला बोलावलंय म्हटल्यावर मी तोंडावरच सांगितलं, "बाई, माझी शाळा चौथीत सुटली. मला पिठाची गिरणी चालवता येते. चित्रं पोरांना काढायला सांगा."

ही बाई तारनाक्याच्या विद्यापीठातून यायची. मूळची पुण्याची, नवरा कॉम्प्युटरच्या कंपनीत. आमच्या वस्तीत महाराष्ट्रातून येऊन राहिलेली जी घरं आहेत, त्यांच्यावर तिचा अभ्यास चालला होता. आधी ती प्रश्न विचारायची. गाव का सोडलं, इथं कसं वाटतं, घरात कोण कोण. मी म्हणायचो, बरं चाललंय. सगळेच तसं म्हणायचे. दारात आलेल्या माणसाला दुसरं काय सांगणार? शेवटी तीच कंटाळली. म्हणाली, "काका, प्रश्न बंद. आता आपण सगळे मिळून काहीतरी करू."

मी जाणार नव्हतो. बायको जाऊन वर्ष व्हायचं होतं आणि मला चार माणसांत बसायचा वीट आला होता. जो तो तोंड पाडून बोलतो. पण सून म्हणाली, "मामा, चला की. घरात बसून भिंतीकडंच तर बघता." खरं होतं. मी, सून आणि नात असे तिघं गेलो. मुलगा गाडी घेऊन भाड्यावर होता.

वस्तीच्या हॉलमध्ये फरशीवर कागद अंथरले होते. वह्यांना कव्हर घालतात तसला खाकी कागद, माणसाएवढा लांब. एकानं कागदावर आडवं व्हायचं, दुसऱ्यानं खडूनं त्याच्याभोवती रेघ मारायची. मग त्या आकारात भरायचं, या शहरानं तुमच्या अंगाला काय दिलं आणि काय काढून घेतलं.

कोणी आडवं होईना. बाया पदर धरून उभ्या, म्हातारे खिडकीबाहेर बघतात. बाईला वाटलं लाजतायत. ती म्हणाली, "लाजू नका, कुणी हसणार नाही."

मी म्हणालो, "लाज कसली! तुम्ही सगळ्यांचे पाय दक्षिणेला केलेत. तसं निजायचं एकदाच, आणि तेव्हा निजवायला चार जण लागतात."

सगळा हॉल हसला. बाई लाल झाली, मग तीही हसली आणि तिनं एकेक कागद फिरवायला घेतला. आम्हीही हात लावला. त्यानंतर माणसं पटापट आडवी झाली. माझ्या शेजारचा टेलर मित्र तर असा पसरला, की त्याला उठवावं लागलं.

मी मात्र उभाच होतो. बाईनं विचारलं तेव्हा म्हणालो, "मला दोन कागद जोडून द्या."

"एका माणसाला एक कागद, काका."

"मी एकटा आलो नव्हतो या गावात. तुम्हाला माझी कहाणी पाहिजे ना? मग तिला सोडून कशी काढता? गिरणीत डबे उतरवून घ्यायची ती, वजन करायची ती, गिऱ्हाइकाशी तेलुगूत भांडायची ती. मी नुसता पट्टा चढवायचो."

बाईनं चिकटपट्टी आणली आणि दोन कागद जोडले. इथवर ठीक होतं. पण मग ती नातीकडं बघून म्हणाली, "आजीच्या जागी तू झोपतेस का? उंची साधारण तेवढीच असेल."

नात चप्पल काढायला लागली. सुनेनं तिचा दंड धरला. "नक्को! जित्या लेकराला गेलेल्या माणसाच्या जागी निजवायचं नाही."

"अम्मी, कागदच तर आहे," नात म्हणाली. ती इथल्या पोरींसारखी आईला अम्मी म्हणते.

"कागद असू दे नाहीतर सोनं."

बाईनं माझ्याकडं पाहिलं. मला बायको कागदावर पाहिजेच होती. पण सुनेचं बरोबर होतं. मी म्हणालो, "पोरगी निजणार नाही."

मग काय करायचं? मी गुडघे धरत खाली बसलो आणि उजव्या कागदावर आडवा झालो. नातीला म्हणालो, "मार रेघ. पोटापाशी जरा आत घे." ती हसत हसत खडू फिरवत गेली. मी डावा हात बाजूला पसरला, पार दुसऱ्या कागदावर. लग्नानंतर आम्ही असेच निजायचो. एक खोली, एक सतरंजी, तिला उशी नको असायची. सकाळी माझ्या हाताला मुंग्या आलेल्या असायच्या.

"आता हिचं डोकं इथं," मी दंडाशी बोट ठेवलं. "पाय माझ्या नडगीच्या मध्यावर. त्याच्या खाली नाही जायचे."

नात थांबली. खडू सुनेनं घेतला. शेवटचे चार महिने सासूला अंघोळ तिनंच घातली होती. ती गुडघ्यावर बसली आणि कुणाला न विचारता रेघ ओढत गेली. खांदा, कंबर, वाकडा झालेला घोटा. मी आडवा पडूनच बघत होतो. कागदावर काही नव्हतं आणि तिथं माझी बायको झाली.

सुनेनं हिरवा खडू घेऊन हातावर गोंदण काढलं. तव्याचा डाग काढला. भुवया पांढऱ्या केल्या, पिठानं असायच्या तशा. मग मानेच्या उजव्या बाजूला टिंब दिलं.

"डाव्या बाजूला," मी म्हणालो.

"मामा, आत्याचा तीळ उजवीकडं होता. मी रोज पुसायची."

"आणि मी काय बघत होतो इतकी वर्षं?"

टेलर तिकडून ओरडला, "अरे मियाँ, सुनेसमोर सांगू नकोस काय बघत होतास!"

सून पदरात तोंड घालून हसली. मीही हसलो, आणि हसता हसता रडलो. आडवं पडून रडलं की पाणी कानात जातं. कुणाला वाटलं असेल म्हातारा खचला, तर तसं नव्हतं. मला बरं वाटत होतं.

"दोन्हीकडं दे," मी म्हणालो. तिनं दोन्हीकडं तीळ दिले.

बाईनं नंतर विचारलं, हे प्रदर्शनात लावू का. प्रदर्शन म्हणजे मला नामपल्लीच्या मैदानावर दर थंडीत भरतं ते, स्वेटर आणि पाळणे, एवढंच माहीत. मी म्हणालो, लावा, पण दोन कागद वेगळे करायचे नाहीत आणि काम झालं की परत द्यायचे.

सुनेला आणि नातीला घेऊन विद्यापीठात बघायला गेलो तेव्हा मी दारातच थांबलो. फरशीवर आम्ही दोघं निजलेले होतो, आणि त्यांनी कागद भिंतीला लावल्यावर आम्ही उभे राहिलो होतो. माझा हात तिच्या खांद्यामागून गेलेला. अफझलगंजच्या बाजारात आम्ही शेकडो वेळा गेलो असू, ज्वारी बघायला. ती दोन पावलं मागं. असा हात टाकून मी तिच्याबरोबर कधी उभा राहिलो नाही. आमच्यात तसं कुणी राहत नाही.

दोन कॉलेजच्या पोरी चित्राकडं बघून खुसखुसल्या. सून घाबरून माझ्याकडं बघायला लागली, मामा आता काहीतरी बोलतील म्हणून.

मी बोललो. म्हणालो, "माझी बायको आहे."

आणि भिंतीपाशी जाऊन तिच्या मोकळ्या बाजूला उभा राहिलो. नातीला सांगितलं, "काढ फोटो."