बाई बांधीत उतरल्या

आमच्या हेडाऊ बाईंची आणि माझी पहिली भेट वर्गात झाली नाही; ती झाली चिखलात. बाई पवनीच्या, विणकराच्या घरातल्या. आंबागडच्या आमच्या जिल्हा परिषद शाळेत नुकत्याच बदलून आल्या होत्या. धानाच्या रोवणीचे, म्हणजे भातलावणीचे दिवस होते. शाळेला फी नाही, दार सर्वांना उघडं, तरी पाचवीच्या मुली गेल्या कुठे? दुसरं कुणी गैरहजेरी मांडून मोकळं झालं असतं. बाई बघायला निघाल्या.

मी आईसोबत बांधीत, म्हणजे चिखल केलेल्या भातखाचरात, पऱ्हे म्हणजे धानाची रोपं लावत होते. त्या वर्षी माझी शाळा सोडवायची, हे घरी ठरलं होतं. मला रडू येई, पण सांगणार कुणाला? बाईंनी आईला कारण विचारलं.

"मंग रोवणं कोण करन? तुम्ही?" आई फणकारली.

बाईंनी खरंच पदर खोचला अन् उतरल्या! थोड्या वेळाने आई ओरडली, "अवो बाई, इतकं दाट काहून लावून राहिल्या? धान हाय हे, इणायचं लुगडं नाही!"

साऱ्या बाया खो खो हसल्या. बाई मात्र विचारू लागल्या, "मग अंतर किती ठेवायचं? आणि का?" आईने हातातलं काम थांबवून सगळं समजावलं. तिला असं कुणी कधी विचारलंच नव्हतं. बाई निघताना आई म्हणाली, "तुमी एवढ्या शिकल्या, तरी इचारता. माया पोरीलेबी शिकवा. उद्या पाठवतो."

रोवणीमुळे अभ्यासात मागे पडलेल्या मुलींना बाई पुढे निवृत्तीपर्यंत रविवारी शिकवत राहिल्या. रागीटही होत्या हो! घोकलेलं उत्तर दिलं की खडू आपटायच्या. "येत नाही" म्हणणाऱ्याला मात्र जवळ बसवून घ्यायच्या.

आज मी याच भागात आरोग्यसेविका आहे. परवा बाई उपकेंद्रात बीपी तपासायला आल्या. मी दंडाला पट्टा बांधला, तर विचारतात कशा, "यंत्राला आतला दाब कळतो कसा गं?"

इतकी वर्षं मी बीपी मोजते, पण हे मला ठाऊक नव्हतं. तसं सांगितलं. बाई खुदकन हसल्या. "शोध आणि मला शिकव."

मी शोधलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन सांगू लागले, तर बाई वही-पेन घेऊन समोर बसलेल्या!

बाई, पंचाहत्तरी झाली, आता शंभरी ठणठणीत गाठा. तुमच्या त्या वहीत अजून पुष्कळ पानं कोरी आहेत, मी पाहिलंय.