पहिला दाखला

पुराचं पाणी शाळेत दोन दिवस होतं. उतरलं तेव्हा फळ्याच्या खालच्या कडेपर्यंत चिखलाची रेघ होती आणि मागच्या भिंतीला हात जाईल एवढी भेग पडली होती. किनवट भागातल्या आमच्या गावात कॅथलिक सिस्टरांचं हे हायस्कूल. मी तिथं चौदा वर्षं मराठी शिकवत होतो. माझी मुलगी तिथंच दहावीत होती.

मुख्याध्यापिका सिस्टर केरळच्या. त्यांनी चर्चच्या आवारात पालकांची सभा घेतली. दिवाळीपर्यंत चर्चमध्येच वर्ग भरवू, तोवर इमारतीचं बघू, म्हणाल्या. मागच्या रांगेत दाखल्यांची कुजबुज सुरू झाली. तेव्हा मी उठलो.

"कुणीही दाखला काढू नका," मी म्हणालो. "आम्ही सगळे शिक्षक इथंच आहोत."

लोकांनी माना डोलावल्या. मला बरं वाटलं.

घरी बायको म्हणाली, "भाषण केलं ते ठीक. लेकराचं बोर्डाचं वर्ष हाय. चर्चमध्ये बसून दहावी व्हईल का?"

आठ दिवसांत मी नांदेडच्या एका शाळेत मुलीचा प्रवेश पक्का केला.

दुपारी, आवारात कुणी नसताना, मी दाखला मागायला गेलो. सिस्टर पायरीवर भिजलेली रजिस्टरं उन्हात उघडून बसल्या होत्या, चिकटलेलं एकेक पान सुटं करत. मी कारणं तयार करून नेली होती. त्यांनी एकही विचारलं नाही. मुलीचं पान शोधलं, दाखला लिहिला, फुंकर घालून शाई वाळवली.

"मुलगी हुशार आहे. तिथे पण चांगला करेल," त्या म्हणाल्या. मग दाखला हातात देत, "सर, बाकीच्यांना आत्ता सांगू नका."

मी कशाला सांगेन. पण मुलीनं मैत्रिणींना सांगितलं, आणि दुसऱ्याच दिवशी बाजारात एक पालक भेटले. शेतकरी माणूस, दोन लेकरं आमच्याकडे. रागावले नाहीत.

"तुमीच लेकीला काढलं म्हणल्यावर आमी कशाच्या जिवावर थांबावं, सर?"

त्या आठवड्यात दाखल्यांसाठी रांग लागली. दिवाळीनंतर शाळा उघडलीच नाही. सिस्टर गाव सोडून गेल्या त्या दिवशी अंगात कणकण आहे म्हणून मी घरात पडून राहिलो. कणकण नव्हती.

मुलगी चांगल्या मार्कांनी पास झाली. मलाही नांदेडला नोकरी लागली. पुढच्या वर्षी माहूरला देवीला गेलो, तर गडाच्या पायऱ्यांशी, ओटीच्या दुकानातून कुणीतरी म्हणालं, "नमस्कार सर." आमच्या शाळेच्याच वसतिगृहात राहून शिकणारी, माझ्या नववीच्या वर्गातली मुलगी.

"आता कितवीत?" मी सवयीनं विचारलं.

"शाळा बंद पडली की, सर," ती म्हणाली. मला ते ठाऊकच नसावं, असं साधं सांगितलं.

मी ओटीचं ताट घेतलं आणि गर्दीत शिरलो. दुसऱ्या शाळेत का गेली नाहीस, घरचे काय म्हणाले, काहीच विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं, म्हणून.