आईचं पाणी मी तोडलं

माझी आई सुईण होती. आमच्या आणि आसपासच्या दोन-तीन गावांतली कितीतरी माणसं तिच्या हातांवर जन्मली. रक्त, घाण, कशाचीच तिला किळस नव्हती. आणि तिची एकुलती लेक, मी, शाळेत बाई झाले अन् तिच्या ओल्या लुगड्याला नाक मुरडू लागले.

वडील मी लहान असतानाच गेले होते. हुलसूरजवळच्या एका गावात मराठी शाळेवर मला नोकरी लागली, तेव्हा आम्ही दोघी वस्तीतलं घर सोडून शाळेजवळच्या दोन खोल्यांत राहायला आलो. दोन वर्षांत आईच्या पायातलं बळ गेलं. आधी उकिडवं बसलं की उठता येईना, मग उंबऱ्यावरून पाऊल उचलेना. न्हाणीपर्यंत पोचायच्या आतच लघवी सुटायची. मग ती भिंतीला हात लावून तिथंच उभी राहायची आणि खाली बघत म्हणायची, "झालं गं बाई."

फरशी मी पुसायचे, पण तोंड चालूच असायचं. "आधी सांगाय काय होतंय तुला?"

जुन्या लुगड्यांच्या घड्या तिच्याखाली घालायचे. त्या अंगणात वाळत घातल्या तर रस्त्यावरून दिसतील, म्हणून धुऊन मागच्या खोलीतच दोरीवर टाकायचे. तिथं त्या पुऱ्या वाळत नसत. आईच्या मांड्या लाल झाल्या, मग सोलल्या. शेजारच्या म्हातारीनं एकदा विचारलं, "उन्हात कामून घालीत न्हाईस गं?"

"धूळ बसते," मी म्हटलं.

आम्ही बौद्ध. ज्या घरांतली बाळंतपणं आईनं केली, त्याच घरांत तिला पाणी वरून ओंजळीत मिळायचं. आता तसल्याच घरांतल्या, माझ्याबरोबर शिकवणाऱ्या तिघी बाया आमच्याकडं चहाला येणार होत्या. आपणहून म्हणाल्या होत्या, आणि पहिल्यांदाच. आमच्या घरात कसलाही वास त्यांना यायला नको, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

पाणी कमी दिलं की लघवी कमी होईल, असं मला वाटायचं. त्या आठवड्यात मी आईचं पाणी कमी करत आणलं. रविवारी सकाळी तिला अर्धा कप चहा दिला, उशाशी असलेला तांब्या रिकामा केला आणि कोपऱ्यात पालथा घातला.

"त्या जाईपर्यंत पाणी पिऊ नको, माय."

"बरं," ती म्हणाली. कामून, असं विचारलंसुद्धा नाही.

उन्हाळा होता. दुपारी तिघी आल्या. मी मुरमुऱ्यांचा सुशीला केला होता. त्यांनी तो खाल्ला, कपबशा हातात घेतल्या. सगळ्यांत वयानं मोठ्या बाईंनी विचारलं, "आई कुठायत?"

"झोपल्यात," मी म्हटलं.

तेवढ्यात आतून धपकन आवाज आला. अंथरूण ओलं होऊ नये म्हणून आई एकटीच न्हाणीकडं निघाली होती. आम्ही धावत गेलो तर ती फरशीवर पडलेली. लुगडं भिजलेलं, खाली गडद पिवळा ओघळ, आणि ज्या वासाला मी भीत होते तो खोलीभर.

"तांब्या लवंडला वाटतं," मी म्हणाले.

आईनं माझ्याकडं बघितलं. "व्हय," ती म्हणाली, "पाणी सांडलं माझ्या हातनं."

मोठ्या बाईंनी कोपऱ्यातल्या पालथ्या, कोरड्या तांब्याकडं एकदा बघितलं. आईच्या काखेत हात घालून त्यांनी तिला उचललं, खाटेवर बसवलं. दुसऱ्या दोघी दारातूनच मागं फिरल्या.

"पाणी पिता का, अक्का?" बाईंनी विचारलं.

आई माझ्याकडं बघायला लागली. पिऊ का, असं ती मला विचारत होती, परक्या बाईसमोर, माझ्या घरात. मला तिथं उभं राहवेना.

"पी ना, माय," मी कशीबशी म्हणाले. बाईंनी तांब्या भरून दिला. आईनं तो तोंडाला लावला आणि तो रिकामा होईपर्यंत खाली ठेवला नाही.

जाताना बाई दारात हळूच म्हणाल्या, "माझ्या सासऱ्यांचं असंच होतं. पाणी तोडू नका. उद्या डॉक्टरला दाखवा."

दुसऱ्या दिवशी आईला ताप भरला. बसवकल्याणच्या डॉक्टरांनी तपासून विचारलं, "पाणी किती पितात?"

मी तोंड उघडायच्या आत आईच म्हणाली, "मलाच तहान लागत न्हाई, डॉक्टर."

मी ते तसंच राहू दिलं. पाण्यावाचून लघवीत जंतू झालेत, असं डॉक्टर म्हणाले. औषध दिलं. दिवसा भरपूर पाणी द्या, लागो न लागो दर दोन तासांनी लघवीला बसवा, आणि चौकट धरून रोज उठबस करून घ्या, पायात थोडं बळ येईल, असं सांगितलं.

मी सुताराकडं गेले. बैठकीला मधे भोक पाडलेली खुर्ची पाहिजे, म्हटलं. "कशाला?" त्यानं विचारलं. "आईला लघवीला बसवायला." घराबाहेर हे मी पहिल्यांदाच बोलले. तो मान हलवून माप घ्यायला लागला, बस्स. त्याच आठवड्यात मी अंगणात तार बांधली आणि घड्या उन्हात टाकल्या.

सोललेली कातडी भरून आली. चार महिन्यांत आई चौकट धरून एकटी उभी राहू लागली. लघवी सुटायची पूर्ण थांबली नाही, आणि माझं चिडणंही. मात्र पाणी ती कधी मागून प्यायली नाही. मी दिलं तरच प्यायची.

एकदा घड्या काढत होते, तेव्हा तिनं विचारलं, "त्या दोघी बाया परत आल्या न्हाईत व्हय? माझ्यामुळं?"

माझ्यामुळं, असं म्हणायला हवं होतं. "परीक्षा चालू हायेत, माय," मी म्हटलं.

त्यानंतर तीन वर्षांनी ती गेली. मातीला सगळी शाळा आली, त्या दोघीसुद्धा. "आईचं तुम्ही किती केलंत," असं जो तो म्हणत होता. मोठ्या बाई शेजारीच बसल्या होत्या. त्यांच्याकडं न बघता मी सगळ्यांना म्हणाले, "केलंच पाहिजे की."